ॲडम ले फॉन्ड्रे: खालच्या लीगमधल्या स्ट्रायकरचे आकडे वाचायचे कसे?

निळी_जर्सी

नमस्कार मंडळी. २०२०-२१ च्या मोसमात मुंबई सिटीने लीग शील्ड (साखळी फेरीत पहिलं आल्याचा मान) आणि आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, करंडक असे दोन्ही मान मिळवले. त्या संघात पुढे खेळणाऱ्या ॲडम ले फॉन्ड्रेने ११ गोल केले होते. ‘इंग्लंडच्या खालच्या लीगमधून आलेला’ यापलीकडे त्याच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून त्याच्या कारकिर्दीचा तक्ता समोर घेतला आणि तिथेच अडलो.

क्रम असा: स्टॉकपोर्ट काउंटी, रॉचडेल, रॉदरहॅम, रेडिंग, कार्डिफ, बोल्टन (लोन), वुल्व्ज (लोन), विगन (लोन), परत बोल्टन, सिडनी एफसी, मुंबई सिटी (लोन). रॉदरहॅमला २००९-१० मध्ये लीगचे २५ गोल आणि पुढच्या मोसमात २३. रेडिंगला तीन मोसमांत १२, १२ आणि १५. मग एकदम कार्डिफला २३ सामन्यांत ३. त्याच मोसमात लोनवर बोल्टनला जातो आणि १७ सामन्यांत ८ करतो. पुढच्या वर्षी वुल्व्जला २६ सामन्यांत पुन्हा ३.

माणूस तोच, वर्षं लागोपाठची, मग आकडा असा वरखाली का? दुसरं म्हणजे, दोन मोसमांत ४८ गोल करणारा स्ट्रायकर रेडिंगला जेमतेम साडेतीन लाख पौंडांत कसा मिळाला? आणि ही लोनची भानगड नेमकी चालते कशी? खेळाडू चांगला असेल तर क्लब त्याला दुसऱ्याला उसना का देतो? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

तळाची_लीग

चांगला धागा. आधी पायऱ्या नीट लावून घेऊ, कारण निम्मा गोंधळ नावांचा आहे.

सर्वांत वर प्रीमियर लीग, २० क्लब. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४ क्लब. हे झाले ९२. त्याखाली पाचव्या पायरीवर नॅशनल लीग. चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू ही नावं २००४ पासूनची आहेत. त्याआधी, १९९२ पासून, याच पायऱ्यांना अनुक्रमे फर्स्ट, सेकंड आणि थर्ड डिव्हिजन म्हणत. म्हणजे २००२-०३ च्या ओळीत ‘सेकंड डिव्हिजन’ दिसलं तर ती तिसरी पायरी समजायची. हे लक्षात न घेता जुन्या खेळाडूंची तुलना केली की गणित एका पायरीने चुकतं.

लीग टूमधून दर मोसमाला चार संघ वर जातात: पहिले तीन थेट, आणि चौथा ते सातवा या चौघांच्या प्ले-ऑफमधला विजेता. लीग वनमधून तीन वर जातात, दोन थेट आणि एक प्ले-ऑफमधून. प्रत्येक संघाचे लीगचेच ४६ सामने. त्यावर एफए कप, लीग कप आणि खालच्या दोन पायऱ्यांसाठीची ट्रॉफी. शनिवार-मंगळवार, शनिवार-मंगळवार अशी रांग ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत चालते.

आता ले फॉन्ड्रे. जन्म डिसेंबर १९८६, गाव स्टॉकपोर्ट. गावच्याच क्लबकडून सुरुवात, २००७ मध्ये आधी लोनवर आणि मग कायमचा रॉचडेलला. रॉचडेल म्हणजे १९७४ ते २०१० अशी सलग ३६ वर्षं चौथ्या पायरीवर राहिलेला क्लब. पण स्ट्रायकर घडवण्यात या क्लबचा हात धरणारे थोडे. ग्रँट होल्ट, रिकी लँबर्ट, ग्लेन मरे आणि ले फॉन्ड्रे, हे चौघंही तिथून गेले आणि चौघांनीही पुढे प्रीमियर लीगमध्ये गोल केले. चौथ्या पायरीवरच्या एका लहान क्लबसाठी ही कामगिरी फार मोठी आहे आणि तिची दखल पुरेशी घेतली जात नाही असं माझं ठाम मत आहे.

२००८ मध्ये रॉचडेल लीग टूच्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमला पोचलं आणि ३-२ असं हरलं, तेही स्टॉकपोर्टकडून! ऑगस्ट २००९ मध्ये ले फॉन्ड्रे रॉदरहॅमला गेला. तिथला पहिला मोसमही वेम्ब्लीलाच संपला: डॅगनम अँड रेडब्रिजकडून पुन्हा ३-२ अशीच हार. म्हणजे तीन वर्षांत त्याचे दोन क्लब लीग वनच्या दारातून एकेका गोलाने परत फिरले. त्याच्या तक्त्यात लीग टू इतकी वर्षं का दिसते त्याचं कारण या दोन सामन्यांत आहे. खेळाडूची पायरी क्लब ठरवतो, आणि क्लबची पायरी कधी कधी एकच दुपार ठरवते.

२०११-१२ मध्ये रॉदरहॅमकडून पहिल्या ४ सामन्यांत ४ गोल करून ऑगस्टअखेर तो रेडिंगला गेला. लीग टू ते चॅम्पियनशिप, मधली लीग वन गाळून. रेडिंगने त्या मोसमात चॅम्पियनशिप जिंकली. त्यामुळे ऑगस्ट २०११ मध्ये चौथ्या पायरीवर असलेला माणूस ऑगस्ट २०१२ मध्ये पहिल्या पायरीवर होता.

किमतीचं सांगतो. खालच्या पायरीवर किंमत गोलांवर जेवढी ठरते तितकीच करार किती शिल्लक आहे यावर ठरते. करार ३० जूनला संपतात. खेळाडू २४ वर्षांच्या आतला असेल आणि क्लबने त्याला आधीच्यापेक्षा कमी नसलेला नवा करार देऊ केला असेल, तर तो दुसरीकडे गेल्यावर जुन्या क्लबला भरपाई मिळते. रक्कम ठरली नाही तर लवाद ठरवतो. २४ ओलांडली की हे संरक्षण संपतं आणि करार संपल्यावर तो फुकट जातो. म्हणून २४-२५ वर्षांचा गोल करणारा स्ट्रायकर हाती असला की लीग टूचा क्लब शेवटच्या वर्षात मिळेल ती रक्कम घेतो. त्यात पुढच्या विक्रीतला वाटा, म्हणजे सेल-ऑन, घालून घेतला तर शहाणपण. साडेतीन लाख पौंड रेडिंगला क्षुल्लक असतील, लीग टूच्या क्लबला त्यातून बऱ्याच खेळाडूंचे पगार निघतात.

दुसरं कारण विश्वासाचं. लीग टूमध्ये वीसेक गोल करणारा दर मोसमात कोणीतरी असतोच. त्यातले वर टिकणारे थोडे. घेणारा क्लब ही जोखीम किमतीतून वजा करतो.

आकडेमोड

तळाची_लीग यांनी पायऱ्या सांगितल्या, मी रकान्यांकडे वळतो.

‘सामने’ आणि ‘गोल’ हे दोनच रकाने पाहिले तर स्ट्रायकरचं चित्र नक्कीच चुकतं. ‘सामने’ या रकान्यात ९० मिनिटं खेळलेला आणि ८८व्या मिनिटाला आत आलेला सारखेच मोजले जातात. ले फॉन्ड्रेच्या बाबतीत याने फार मोठा फरक पडतो, कारण प्रीमियर लीगमधल्या त्याच्या १२ गोलांपैकी ८ बदली खेळाडू म्हणून आलेले आहेत.

हिशोब करून बघा. नुसता भागाकार केला तर ३४ सामन्यांत १२ गोल, म्हणजे सामन्याला ०.३५. बरा, पण डोळ्यांत भरणारा नाही. आता उदाहरणापुरतं असं धरा की ३४ पैकी ११ सामने सुरुवातीपासून, सरासरी ८० मिनिटं. झाली ८८०. उरलेले २३ बदली म्हणून, सरासरी २० मिनिटं. झाली ४६०. एकूण १३४०, भागिले १२, म्हणजे सुमारे ११२ मिनिटांना एक गोल. हा आकडा कोणत्याही लीगमधल्या पहिल्या फळीच्या स्ट्रायकरला शोभणारा आहे. त्यामुळे तुलना करताना ‘गोलामागे मिनिटं’ काढायचीच. मिनिटं मिळत नसतील तर निदान कंसातला बदलीचा आकडा वेगळा काढा. इंग्लिश तक्त्यांत ‘२० (१४)’ असं लिहितात, त्यात कंसातला आकडा बदली म्हणून आलेल्या सामन्यांचा.

जानेवारी २०१३ चं उदाहरण घ्या. १९ जानेवारीला सेंट जेम्स पार्कवर रेडिंग ०-१ ने मागे होतं. ले फॉन्ड्रे आत आला, ७१व्या आणि ७७व्या मिनिटाला गोल, न्यूकॅसल १ रेडिंग २. ३० जानेवारीला चेल्सीविरुद्ध ०-२ असताना ८७व्या मिनिटाला एक आणि भरपाईच्या पाचव्या मिनिटाला दुसरा, २-२. त्या महिन्याचा प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. ‘सामने’ रकान्यात हे दोन्ही सामने एकेक पूर्ण सामना म्हणून बसतात.

दुसरी गाळणी पेनल्टीची. पेनल्टी घेणारा असेल तर मोसमाला चार-सहा गोल त्या जागेवरून सहज येतात. ते गोल खोटे नव्हेत, पण क्लब बदलला आणि तिथे पेनल्टी घेणारा दुसरा असला की तेवढे गोल आपोआप गळतात. त्यामुळे नव्या क्लबला ‘फॉर्म गेला’ असं वाटतं, प्रत्यक्षात फक्त चेंडू दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो. घेणाऱ्या क्लबने पेनल्टी वजा करूनच आकडा बघायचा.

तिसरी गाळणी स्पर्धेची. लीगचे गोल वेगळे, सर्व स्पर्धांतले वेगळे. २००९-१० मध्ये साउथॅम्प्टनसाठी रिकी लँबर्टचे ३६ गोल असं वाचाल आणि दुसरीकडे ३० वाचाल. दोन्ही बरोबर. ३० लीग वनमधले, बाकीचे कपांमधले.

लँबर्टचं नाव आलंच आहे तर त्याचा तक्ता शेजारी ठेवून बघा. स्टॉकपोर्टला लीगच्या ९८ सामन्यांत १८ गोल, रॉचडेलला ६४ सामन्यांत २८, ब्रिस्टल रोव्हर्सकडून २००८-०९ च्या एका मोसमात लीग वनमध्ये २९. साउथॅम्प्टनला पाच मोसमांत ३०, २१, २७, १५, १३. या माणसाचा आकडा पायरी चढताना आधी वाढत गेला. ले फॉन्ड्रेचा तसा नाही. त्याचा आकडा पायरीपेक्षा संघाच्या खेळण्याच्या पद्धतीवर वरखाली झाला. पण तो प्रांत दुसऱ्या कोणी घ्यावा.

दुसरा_चेंडू

घेतो.

स्ट्रायकर म्हटलं की एकच काम डोळ्यांसमोर येतं, पण लँबर्ट आणि ले फॉन्ड्रे यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लँबर्ट टार्गेट मॅन. गोलकडे पाठ, सेंटर बॅक (मधला बचावपटू) अंगावर, लांबून आलेला चेंडू छातीवर किंवा पायाशी थांबवायचा, दोन सेकंद धरायचा आणि धावत येणाऱ्याला द्यायचा. असा खेळाडू गोल न करताही संघाला उपयोगी पडतो. ले फॉन्ड्रे पोचर. त्याचं काम शेवटच्या दहा-बारा यार्डांत. चेंडू तिथे आला नाही तर तो मैदानात आहे हेही जाणवत नाही. हे दूषण म्हणून सांगत नाही, हे त्या कामाचं स्वरूपच आहे.

तो काय करतो ते जुन्या चित्रफितींत चेंडूकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघून ताडा. चेंडू बाजूच्या पट्टीत गेला की पोचर लगेच आत धावत नाही. आधी तो सेंटर बॅकच्या पाठीमागे, त्याच्या नजरेआड उभा राहतो. बचावपटूला एकाच वेळी चेंडू आणि माणूस दोन्ही दिसू नयेत ही पहिली अट. क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर चेंडू, मारणाऱ्याने मान वर केली की एक खोटी चाल, साधारण दूरच्या खांबाकडे दोन पावलं. बचावपटूने वजन त्या पायावर टाकलं की खरी चाल, जवळच्या खांबाकडे, त्याच्या पुढून. ही पावलं चेंडू पायातून सुटायच्या आधी टाकली तर ऑफसाइड किंवा चेंडूच्या पुढे निघून जाणं, उशिरा टाकली तर बचावपटू पोचलेला. चूक अर्ध्या सेकंदाची असते. आणि सहकाऱ्याने फटका मारला की तो गोल होणार असं न धरता गोलरक्षकाच्या हातून सुटेल असं धरून पुढे धावायचं. दहापैकी नऊ वेळा ही धाव वाया जाते. नऊ वेळा वाया जाऊनही दहाव्यांदा धावणारा म्हणजे पोचर.

आता यातून तक्ता उलगडतो. प्रशिक्षक ब्रायन मॅकडरमॉटचं रेडिंग ४-४-२ (चार बचावपटू, चार मधल्या फळीत, दोन स्ट्रायकर) खेळायचं. एका बाजूला जॉबी मॅकॅनफ, दुसऱ्या बाजूला जिमी केबे, दोघंही पट्टीतून क्रॉस देणारे खरे विंगर. शेजारी जोडीदार म्हणून नोएल हंट किंवा जेसन रॉबर्ट्स, जे हवेतले चेंडू झेलायचे, सेंटर बॅकला गुंतवून ठेवायचे. म्हणजे पोचरला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी हजर: चेंडू पेटीत (गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनात) येतोय, आणि बचावपटूचं लक्ष दुसऱ्यावर आहे. यात पहिले १२ आणि दुसऱ्या मोसमातले बहुतेक १२ आले; मार्च २०१३ मध्ये मॅकडरमॉट गेला. शेवटचे १५ नायजेल ॲडकिन्सच्या हाताखाली चॅम्पियनशिपमधले, आणि त्यात जानेवारी २०१४ ची लागोपाठची दोन हॅटट्रिक, बोल्टनविरुद्धच्या ७-१ मध्ये आणि ब्लॅकपूलविरुद्धच्या ५-१ मध्ये.

कार्डिफला त्याला घेतलं ओले गुन्नार सोल्शारने, २०१४ च्या मे महिन्यात. सोल्शार स्वतः मँचेस्टर युनायटेडचा बदली म्हणून येऊन गोल करणारा प्रसिद्ध स्ट्रायकर, त्यामुळे अशा खेळाडूचा उपयोग काय हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? पण सप्टेंबरमध्ये सोल्शार गेला आणि ऑक्टोबरमध्ये रसेल स्लेड आला. ज्या प्रशिक्षकाच्या योजनेसाठी खेळाडू घेतला तो प्रशिक्षक चार महिन्यांत निघून जाणं, चॅम्पियनशिपमध्ये स्ट्रायकरचं नुकसान सर्वांत जास्त यानेच होतं. दुखापतीपेक्षाही, असं मी म्हणेन. नवा माणूस आपली पद्धत आणतो. त्यात पेटीबाहेर पळणारा, दाब टाकणारा, एकट्याने दोन सेंटर बॅक अडवणारा स्ट्रायकर हवा असला की पोचर बाकावर जातो. बाकावरून दहा मिनिटं मिळतात, तीही बहुतेक संघ मागे असताना.

मैदानाचाही मुद्दा आहे, तो फार कमी लोक धरतात. स्टॉकपोर्टचं एजली पार्क २००३ पासून सेल शार्क्स या रग्बी क्लबबरोबर वाटून घेतलेलं होतं. रॉचडेलच्या स्पॉटलंडवर रॉचडेल हॉर्नेट्सची रग्बी लीग. रग्बीने मैदानाचा मधला पट्टा उखडतो आणि जमिनीवरून सरळ येणारा चेंडू शेवटच्या क्षणी उडी मारतो. आणि रॉदरहॅम त्या वर्षांत शेफील्डच्या डॉन व्हॅली या ॲथलेटिक्स स्टेडियममध्ये खेळायचं, जिथे प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावपट्टी. अशा जागी २५ आणि २३ गोल करणाऱ्याला चांगल्या हिरवळीवर चेंडू आणखी सोपा जातो. लँबर्टचंही तेच: स्टॉकपोर्ट, रॉचडेल आणि मग ब्रिस्टल रोव्हर्सचं मेमोरियल स्टेडियम, तेही रग्बीबरोबर वाटलेलं. लागोपाठ तीन रग्बीची मैदानं, त्यानंतर साउथॅम्प्टनचं सेंट मेरीज. त्याचा आकडा वर चढला त्यात याचा वाटा नाही असं कसं म्हणणार?

तळाची_लीग

मैदानाचा मुद्दा मान्य, पण लँबर्टच्या बाबतीत तो थोडा जास्त ताणलात. ब्रिस्टल रोव्हर्सचे २९ गोल त्याच रग्बीच्या मैदानावरून आलेले आहेत. साउथॅम्प्टनला ॲलन पार्ड्यूने त्याला वजन आणि तंदुरुस्तीवर काम करायला लावलं, आणि मागून ॲडम लालाना चेंडू पुरवायला होता. या दोन गोष्टी मी हिरवळीच्या आधी ठेवीन.

दुसरा_चेंडू

२९ चा दाखला बरोबर आहे, तिथे माझं म्हणणं अर्धवट पडतं. पोचरपेक्षा टार्गेट मॅनला खराब मैदान कमी बाधतं, कारण त्याचा चेंडू हवेतून येतो. तेव्हा मैदानाचं गणित ले फॉन्ड्रेलाच लावा, लँबर्टला नको.

करारनामा

लोनबद्दल कोणी लिहिलं नाही, ते मी घेतो. निळी_जर्सी, ‘चांगला असेल तर उसना का देतो’ या प्रश्नात एक गृहीतक दडलंय, की क्लबला खेळाडूची किंमत फक्त मैदानावर दिसते. प्रत्यक्षात लोन ही बहुतेक वेळा पगाराची वाटणी असते. नव्या प्रशिक्षकाला नको असलेला खेळाडू, तीन वर्षांचा करार, आठवड्याचा पगार चालूच. विकायला गेलं तर घेणारा क्लब तेवढा पगार देऊ शकत नाही आणि खेळाडू कमी पगारावर जायला तयार नसतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मग मधला मार्ग निघतो: लोन घेणारा क्लब पगाराचा काही हिस्सा देतो, उरलेला मूळ क्लब. ले फॉन्ड्रेच्या बोल्टन, वुल्व्ज आणि विगन या तिन्ही ओळी कार्डिफच्या करारावर उभ्या आहेत. त्या तीन ओळींकडे अपयश म्हणून बघू नका.

लोनचा करार वाचताना हे बघायचं. मुदत: अर्धा मोसम की पूर्ण. परत बोलावण्याचं कलम: मूळ क्लबवर दुखापती आल्या तर तो जानेवारीत खेळाडू परत मागू शकतो का. मूळ क्लबविरुद्ध खेळण्याची परवानगी: बहुतेक करारांत नसते, म्हणून लोनवरच्या खेळाडूचे एक-दोन सामने आपोआप बुडतात. आणि मोसमाअखेर विकत घेण्याचा पर्याय आहे की सक्ती, या दोन शब्दांत फार अंतर आहे.

जुन्या तक्त्यांत ५-७ सामन्यांच्या बारक्या लोनच्या ओळी दिसतात, त्या बहुतेक ‘इमर्जन्सी लोन’च्या. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी (ठरावीक मुदत) बंद असतानाही २८ ते ९३ दिवसांसाठी खेळाडू घेता यायचा. २०१५-१६ नंतर ही सोय गोलरक्षकांचा अपवाद वगळता बंद झाली. त्यामुळे २०१६ नंतरच्या तक्त्यांत लोन कमी आणि लांब दिसतात. दोन काळांतले खेळाडू तोलताना याचं भान ठेवा, नाहीतर जुना खेळाडू उगीच भटक्या वाटतो.

आता पगार. खालच्या लीगमधल्या स्ट्रायकरच्या करारात मूळ आठवडी पगार, त्यावर खेळल्याचा भत्ता, गोलामागे बक्षीस, प्रमोशन मिळालं तर ठरावीक रक्कम, आणि बऱ्याचदा क्लब खाली गेला तर पगारात ठरावीक टक्के कपात, असे थर असतात. शिवाय एक कलम असतं ज्याने पुष्कळ अनर्थ होतात: अमुक इतके सामने सुरुवातीपासून खेळला की करार आपोआप एक वर्ष वाढतो. समजा आकडा २५ आहे. मार्चमध्ये खेळाडू २४ वर आला, वय ३२, क्लबला पुढच्या वर्षीचा पगार नकोय. मग तो अचानक बाकावर दिसू लागतो. बाहेरून वाटतं फॉर्म गेला. एखाद्या अनुभवी स्ट्रायकरची मार्च-एप्रिलमधली मिनिटं एकदम आटलेली दिसली तर दुखापतीच्या जोडीने ही शक्यताही मनात ठेवा.

मे महिन्यात क्लब ‘रिटेन्ड लिस्ट’ जाहीर करतो: कोण राहणार, कोणाला नवा करार देऊ केलाय, कोण मोकळा. मोकळा म्हणजेच ‘रिलीज’. ३० जूनला करार संपतो. नवा क्लब नाही मिळाला तर जुलैपोटी एक महिन्याचा मूळ पगार मिळण्याची तरतूद असते. त्यानंतर खिशातून. म्हणून लीग टूच्या स्ट्रायकरसाठी जुलै हा ऑगस्टपेक्षा कठीण महिना. चाचणीसाठी कुठल्यातरी क्लबच्या सराव सामन्यांत ‘ट्रायलिस्ट’ एवढ्याच नावाने खेळावं लागतं, आणि त्या ४५ मिनिटांत दुखापत झाली तर मोसमच गेला. तुमच्या तक्त्यात जिथे एका क्लबचं वर्ष संपून दुसऱ्याचं लगेच सुरू होतं, तिथे दोन ओळींमधल्या रेघेत हा जुलै असतो.

निळी_जर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. आता कार्डिफचे ३ आणि बोल्टनचे ८ शेजारी बघताना काहीच खटकत नाही. शेवटचं एक: याच चष्म्यातून मुंबईतले ११ कसे वाचायचे?

आकडेमोड

मुंबईचे ११ वाचताना मोसमाची रचना आधी बघा. कोविडमुळे अख्खी आयएसएल गोव्यात, बायो-बबलमध्ये आणि रिकाम्या स्टेडियममध्ये झाली: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. ‘मुंबईचा’ मोसम, पण मुंबईत एकही सामना नाही. प्रवास नाही, घरचं मैदान नाही, फक्त चार महिने दर काही दिवसांनी सामना. ३४ वर्षांच्या स्ट्रायकरला लांबचा प्रवास वाचणं ही मोठी सवलत. सामन्यांतली जवळीक मात्र उलट बाजूला.

११ संघ, लीगचे २० सामने, मग प्ले-ऑफ. इंग्लंडच्या ४६ शी ताडायचं तर ११ हा आकडा मोठाच म्हणायला हवा. त्या वर्षी मैदानावर एका वेळी पाच परदेशी खेळाडू चालत. सर्जिओ लोबेराकडे पुढच्या जागेसाठी ले फॉन्ड्रे आणि बार्थोलोम्यू ओगबेचे असे दोन होते, आणि एक सुरू करी तर दुसरा बऱ्याचदा बदली म्हणून येई. ओगबेचेचे ८. म्हणजे त्या एका जागेतून मुंबईला १९ गोल मिळाले. तक्त्यात हे दोन वेगळ्या माणसांचे माफक आकडे दिसतात. एकत्र वाचले तरच त्या संघाची ताकद कळते.

पेनल्टीची गाळणी इथेही लावा. २५ नोव्हेंबर २०२० ला फातोर्ड्यावर एफसी गोवाविरुद्धचा १-० हा विजय ले फॉन्ड्रेच्या भरपाईच्या वेळेतल्या पेनल्टीवर आला होता. पहिला सामना हरलेल्या संघाला तीन गुण त्या एका फटक्याने दिले. त्यामुळे पेनल्टी वजा करताना ‘कमी दर्जाचा गोल’ असं मनात येऊ देऊ नका. वजा करायची ती फक्त पुढच्या क्लबचा अंदाज बांधताना.

दुसरा_चेंडू

यात एवढंच घालतो: मागे अहमद जाहू लांब पल्ल्याचे पास देणारा आणि पुढे ह्यूगो बुमू शेवटचा पास देणारा. रेडिंगला जे काम क्रॉसने व्हायचं ते इथे मधल्या फळीतून सरळ येणाऱ्या चेंडूने झालं. पद्धत वेगळी, पण चेंडू पेटीत येत राहिला. सिडनीचंही तसंच. २०१९-२० मध्ये ए-लीगमध्ये त्याचे २० गोल आहेत, तेही वयाची तेहतिशी गाठताना. त्याचे पाय तेच होते, पुरवठा आला तिथे गोल आले.

तळाची_लीग

निळी_जर्सी, तक्ता बनवताना एक दुरुस्ती करून घ्या. इंग्लिश प्ले-ऑफमधले गोल काही ठिकाणी लीगच्या रकान्यात धरतात, काही ठिकाणी ‘इतर’ या रकान्यात. रॉदरहॅमचे २५ हे लीगच्या ४६ सामन्यांमधले आहेत, २०१० च्या प्ले-ऑफचं त्यात काही नाही. आयएसएलच्या ओळीत मात्र लीग आणि प्ले-ऑफ बहुतेक एकत्रच मोजतात. दोन्ही एका तक्त्यात घालणार असाल तर आधी रकाने सारखे करा, मगच भागाकार.